अकरा नंबरचे बूट

अबोलीताईच्या दाराबाहेर पुरुषाचे बूट असायचे. ते माझे होते. मी तिथे राहत नव्हतो. मी वरच्या मजल्यावर राहत होतो आणि माझे बूट खालच्या मजल्यावर.

बूट मागायला अलकनंदाकाकू स्वतः वर आल्या होत्या. काकू म्हणजे अबोलीताईची आई. मुक्काम सांगली, सध्या व्हिजिटर व्हिसावर आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळच्या ॲडम्सटाउनला. मी दार उघडलं तर त्यांनी चेहऱ्याकडे न बघता थेट पायांकडे बघितलं.

"नितेश, किती नंबरचे बूट लागतात रे तुला?"

"अकरा."

"झ्याक. एक जोड दे. जुना असला तरी चालतोय."

"कशाला, काकू?"

"दारात ठेवायला. जावईबापू कॉर्कला. घरात आम्ही तिघी बायका. दारात बाप्याचं पायताण नको होय?"

तिघींतली एक पाच वर्षांची पूर्वा होती, पण काकूंच्या हिशेबात ती धरलेली होती.

"काकू, इथे तसलं काही नसतं. खाली दाराला कोड आहे. कॅमेरा आहे."

"कॅमेरा नुसता बघतोय की. तो काय करणार? मोठे बूट बघून चोर जिना उतरतो. आमच्या गल्लीत कुणालाही विचार."

सांगलीच्या त्या गल्लीत जाऊन विचारणं मला लगेच शक्य नव्हतं. मी बूट दिले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. जावईबापू कॉर्कला होते हे खरंच होतं. इंद्रनील मे महिन्यात तिथल्या औषध कंपनीत प्रोजेक्टसाठी गेला, जूनमध्ये येऊन सामान घेऊन गेला, आणि जुलैमध्ये त्याने अबोलीताईला व्हॉट्सॲपवर लिहिलं की त्याला जरा स्पेस हवी आहे. मध्ये अख्खा देश पसरलेला होता, तरी ती त्याला पुरत नव्हती. तो परत येणार नव्हता. हे ॲडम्सटाउनमधल्या प्रत्येक मराठी माणसाला माहीत होतं, फक्त काकूंना नव्हतं.

"सांगणार आहे रे आईला," अबोलीताई म्हणायची. "एक चांगला दिवस बघून."

आयर्लंडमध्ये चांगला दिवस बघून काही करायचं ठरवलं की ते राहूनच जातं.

दरम्यान घरभाडं काही चांगल्या दिवसाची वाट बघत थांबत नव्हतं. अबोलीताई सकाळी एका पाळणाघरात काम करायची, त्यात भाड्याचा अर्धा भाग निघायचा. उरलेल्या अर्ध्यासाठी तिने आधी इथल्या मराठी मंडळाकडे विचारलं. मंडळाचे अध्यक्ष रविकांतकाका अतिशय सज्जन माणूस. मंडळाचा आधार निधीसुद्धा आहे. पण त्यातून मदत मिळायला नवरा एकतर वारलेला लागतो, आजारी लागतो, किंवा त्याची नोकरी गेलेली लागते. इंद्रनील ठणठणीत होता आणि त्याला प्रमोशन मिळालं होतं.

"कुठल्या कलमात बसवायचं हेच कळत नाहीये गं," रविकांतकाका खरोखर कळवळून म्हणाले. "तो आजारी वगैरे नाही ना? मनाने?"

"मनाने मजेत आहे, काका."

"मग अवघड आहे." बैठकीत बरीच चर्चा झाली. घटनादुरुस्ती करावी असं ठरलं. घटनादुरुस्तीसाठी वार्षिक सभा लागते. तोवर मंडळाने तांदळाची एक गोण पाठवली.

सरकारचं कलम त्या मानाने सरळ होतं. एकटीने मूल वाढवणाऱ्या आईला दर आठवड्याला भत्ता मिळतो. अबोलीताईकडे पासपोर्ट इथलाच होता, पूर्वा लहान होती, पगार बेताचा होता. सगळं बसत होतं. अट एवढीच की घरात नवरा किंवा नवऱ्यासारखा कोणी राहत नसावा. खात्री करायला समाजकल्याण खात्याचा माणूस घरी येऊन बघून जातो. भत्ता मिळाला नाही तर फ्लॅट सोडायचा आणि पूर्वाला घेऊन सांगलीला जायचं, एवढाच रस्ता होता. इंद्रनीलनेही तोच सुचवला होता. "तिथे स्वस्त पडेल," त्याने लिहिलं होतं.

म्हणजे एकाच टू-बेड फ्लॅटमध्ये अबोलीताईला सरकारपुढे सिद्ध करायचं होतं की इथे पुरुष नाही, आणि आईपुढे सिद्ध करायचं होतं की आहे, फक्त कॉर्कला आहे. पुरावे सगळे आईच्या बाजूने होते, कारण ते आई स्वतः तयार करत होती.

माझ्या बुटांवर काकूंचं समाधान झालं नव्हतं. रोज तेच बूट दिसले तर चोराला संशय येतो, म्हणून त्यांनी मंडळातल्या बायकांकडून त्यांच्या नवऱ्यांचे जोड मागवले. बायकांनी आनंदाने दिले. तांदळापेक्षा हे सोपं होतं. काकू आठवड्याला जोड बदलायच्या. मग बाल्कनीत रविकांतकाकांचा शर्ट आला. तो काकू ओला करून वाळत घालायच्या, वाळला की परत ओला करायच्या. आणि दाराची बेल वाजली की दार उघडण्याआधी काकू रिकाम्या बेडरूमकडे तोंड करून खणखणीत आवाजात म्हणायच्या, "अहो, बघा हो कोण आलंय!"

काका, म्हणजे काकूंचे यजमान, जाऊन सहा वर्षं झाली होती. पण हाक ऐकून बाहेरच्याला ते कळायचं कारण नव्हतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीसुद्धा थोडा मागे सरकलो होतो.

ऑक्टोबरच्या शेवटी, शाळांना मिडटर्मची सुट्टी होती तेव्हा, खात्यातून फोन आला. बर्नी नावाच्या बाई गुरुवारी अकराच्या सुमारास येतील.

बुधवारी अबोलीताई वर आली. "उद्या तू घरूनच काम करतोयस ना?"

"हो." मी राहतो ॲडम्सटाउनला आणि नोकरी सँडीफोर्डला, म्हणजे एरवी मी बसमध्येच राहतो. पण गुरुवारी घरी असतो.

"दहा वाजता आईला शॉपिंग सेंटरला घेऊन जा. तिला कढई बघायचीये. आणि जाताना ते बूट उचल. शर्टाचं मी बघते."

"आणि कढई नाही मिळाली तर?"

"नाहीच मिळू दे. बारापर्यंत शोधत बसा."

योजना चांगली होती. तिच्यात एकच चूक होती. अबोलीताईने काकूंना सांगितलं होतं की उद्या घर बघायला ऑफिसच्या एक बाई येणार आहेत.

गुरुवारी दहाला मी खाली गेलो तर दाराबाहेर चपलांचं दुकान मांडल्यासारखं दिसत होतं. जेवढे जोड होते तेवढे सगळे काकूंनी ओळीने लावले होते. पॉलिश करून.

"काकू, चला, कढई."

"आज कशी येऊ? घर बघायला बाई येणार आहेत ना? त्यांना वाटायला नको का, भरलं घर आहे? घरात माणूस नाही असं बघितलं तर भाडं वाढवतील."

"त्या भाड्याच्या नाहीत, काकू."

"मग कसल्या?"

मी अबोलीताईकडे बघितलं. अबोलीताईने छताकडे बघितलं. "आई, तू जाऊन ये की गं," ती म्हणाली.

"गुडघा दुखतोय," काकू म्हणाल्या आणि सोफ्यावर बसल्या. सांगलीहून डब्लिनपर्यंत आलेला गुडघा शॉपिंग सेंटरपर्यंत जायला तयार नव्हता.

बूट तरी हलवू म्हणून मी मोठी पिशवी घेतली आणि दाराबाहेर भराभर बूट भरायला लागलो. शेवटचा जोड पिशवीत टाकत होतो तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि गळ्यात ओळखपत्र घातलेल्या, पन्नाशीच्या एक बाई बाहेर आल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं, फ्लॅटच्या नंबराकडे बघितलं.

"मी जरा लवकरच आले," बर्नीबाई म्हणाल्या. "तुम्ही निघालात वाटतं?"

"मी इथे राहत नाही."

"बरं."

"हे बूट माझे आहेत."

"सगळे?"

यावर काय उत्तर बरोबर ठरलं असतं याचा मी नंतर खूप विचार केला. सगळे माझे म्हणालो असतो तर मी तिथे राहत होतो. एकच जोड माझा म्हणालो असतो तर तिथे मी आणि आणखी बरेच जण राहत होते.

"एकच जोड माझा," मी म्हणालो.

"ग्रँड," बर्नीबाई म्हणाल्या. इथे ठीक आहे याला ग्रँड म्हणतात. "तुम्हीही आत या." आणि त्यांनी बेल वाजवली.

आतून खणखणीत आवाज आला, "अहो, बघा हो कोण आलंय!"

दार पूर्वाने उघडलं. पूर्वाला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इथल्या लूकन भागातल्या इंग्रजीत, आणि अजून तिला काय सांगू नये हे कळत नाही.

"तुझी आजी काय म्हणाली गं?" बर्नीबाईंनी विचारलं.

"ती त्यांना म्हणतेय की बघा कोण आलंय."

"त्यांना म्हणजे कुणाला?"

"बेडरूममधल्या माणसाला." पूर्वाने खांदे उडवले. "तो कधीच बाहेर येत नाही."

अबोलीताईने डोळे मिटले. मी पिशवी पाठीमागे धरली, जसा काही त्याने फरक पडणार होता.

बर्नीबाईंनी शांतपणे बेडरूममध्ये जाऊन बघितलं. मग बाल्कनीत बघितलं. तिथे शर्ट ठिबकत होता. अबोलीताई तो काढणार होती, पण काकूंनी नुकताच परत भिजवला होता. मग त्या टेबलाशी येऊन बसल्या, काकूंनी पुढे केलेला चहा घेतला आणि पेन काढलं.

"मिस्टर इंद्रनील इथे राहत नाहीत असं तुम्ही लिहिलंय."

"नाही राहत," अबोलीताई म्हणाली.

"शर्ट कुणाचा?"

"मंडळाच्या अध्यक्षांचा."

"ते इथे राहतात?"

"नाही. ते त्यांच्या बायकोबरोबर राहतात. शर्ट फक्त वाळायला येतो."

"रोज?"

"तो वाळतच नाही," पूर्वाने माहिती दिली. "आज्जी त्याला परत ओला करते."

बर्नीबाईंनी काहीच लिहिलं नाही. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी लपवलेले पुरुष पुष्कळ पाहिले असणार. नसलेला पुरुष इतक्या मेहनतीने दाखवलेला पहिल्यांदाच दिसत असावा.

मी चोर, बूट, सांगली असं सगळं समजावून सांगायचा प्रयत्न केला. सांगताना मलाच ते पटेना. तिकडे काकू हसत हसत मान डोलवत होत्या. बाई आपल्या घराचं कौतुक करत असणार अशी त्यांची समजूत होती.

"सांग त्यांना," त्या मला म्हणाल्या, "जावईबापू प्रोजेक्टला गेलेत, येतील दिवाळीला."

हे मी काही भाषांतर केलं नाही. पूर्वाने केलं.

बर्नीबाईंनी पेन खाली ठेवलं. "मी कशासाठी आलेय हे तुमच्या आईंना माहीत आहे का?"

अबोलीताईने नकारार्थी मान हलवली.

"हे बघा. बुटांचं वगैरे मी समजू शकते. पण एका घरात मला दोन गोष्टी सांगितल्या जातायत. एक तुम्ही सांगताय, एक तुमची आई. मी जाताना एकच लिहून नेणार. कुठली लिहू?"

हे त्या रागाने म्हणाल्या नाहीत. बसचं तिकीट एकेरी हवं की परतीचं, असं विचारावं तसं विचारलं.

अबोलीताई उठली आणि काकूंसमोर जाऊन उभी राहिली. बाहेर पाऊस होता, वारा होता, दिवस कुठल्याच अर्थाने चांगला नव्हता.

"आई, जरा बस."

"बसलेच आहे की."

"इंद्रनील येणार नाहीये."

"दिवाळीला?"

"दिवाळीला नाही. कधीच नाही. तो जूनमध्येच सगळं सामान घेऊन गेला. आम्ही वेगळे झालोय. या बाई तेच बघायला आल्यात. तो इथे राहत नाही असं यांना पटलं तर सरकार मला दर आठवड्याला पैसे देणार. नाही पटलं तर हे घर सुटणार. मग मी आणि पूर्वा सांगलीला."

काकूंनी टेबलावरचा चहाचा कप उचलला, जो त्यांचा नव्हता, बर्नीबाईंचा होता, आणि तो पूर्ण पिऊन खाली ठेवला.

"मग इतके दिवस मी राखण कुणाची करत होते गं?"

"माझी," अबोलीताई म्हणाली.

काकूंनी त्यावर विचार केला. "मग ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण सांगायचं होतंस. मी त्या भल्या माणसाचा शर्ट सडवला उगीच."

मग त्यांनी पदर खोचला. मी काकूंना ओळखायला लागलो होतो, म्हणून मी एक पाऊल बाजूला झालो.

"पूर्वा, इकडं ये. त्यांना सांग. म्हणावं, मी आल्यापासून या घरात एकही बाप्या वस्तीला राहिलेला नाही. तुझा बाबा फोन करत नाही. तुझ्या वाढदिवसाला आपण व्हिडिओ लावला, तर काय म्हणाला?"

"मीटिंगमध्ये आहे म्हणाला," पूर्वा बर्नीबाईंना म्हणाली. "डॅडी नेहमी मीटिंगमध्ये असतो. आज्जी म्हणते मीटिंगला रविवार नसतो का."

"आता चला म्हणावं माझ्याबरोबर."

आणि काकूंचा गुडघा बरा झाला. त्यांनी बर्नीबाईंना हाताला धरून उठवलं आणि घरातलं एकूण एक प्रेस उघडून दाखवलं. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. काकू त्याला प्रेसच म्हणायला लागल्या होत्या. "बघा. मोजे? नाहीत. बाथरूम. दाढीचं सामान? नाही. ब्रश किती? मोजा." बर्नीबाई पुरे पुरे म्हणत होत्या. "पलंगाखाली बघा म्हणावं." बर्नीबाईंना वाकून पलंगाखाली बघावं लागलं. तिथे कुरडया होत्या.

"बूट एवढे बाहेर," काकू माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "आणि आत एक रुमाल नाही. राहणारा माणूस असा राहतोय होय? पिशवी दाखव रे त्यांना."

मी पिशवी टेबलाशेजारी रिकामी केली. बर्नीबाईंनी एकेक बूट उलटा करून नंबर बघितला. सहा, नऊ, आठ, माझे अकरा, आणि कुणाचे तरी सात, ज्यांचा एक बूट तपकिरी आणि एक काळा होता.

"इतके पाय एका माणसाला नसतात," बर्नीबाई म्हणाल्या. त्या दिवशी त्या पहिल्यांदा हसल्या, तेही थोडंसंच. "आईचं म्हणणं लिहून घेते."

"सही कुठं करू?" काकूंनी विचारलं.

आजीच्या सहीला जागा नसते, असं बर्नीबाईंनी सांगितलं. पूर्वाने ते मराठीत सांगायची गरज पडली नाही.

"जागा करा म्हणावं."

शेवटी वेगळा कागद काढावा लागला. काकूंनी त्यावर मराठीत पूर्ण नाव, सासरचं आडनाव, मुक्काम पोस्ट सांगलीसकट लिहिलं. निघताना त्यांनी बर्नीबाईंना घरच्या हळदीची पुडी दिली. बर्नीबाई म्हणाल्या, मला काही घेता येत नाही, ते लाच होतं.

"हळद कशी लाच होईल?" काकू खऱ्याच चकित झाल्या. "अंगाला लावायची असते."

पुडी टेबलावरच राहिली. बर्नीबाई गेल्या. अबोलीताई सोफ्यावर बसली ती बराच वेळ बसूनच राहिली, आणि काकूंनी तिच्या शेजारी बसून तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. मी बूट पिशवीत भरत होतो. तपकिरी आणि काळा कुणाचे, हे विचारायची ती वेळ नव्हती.

भत्ता मंजूर झाल्याचं काकू परत जायच्या थोडं आधी कळलं. अर्ज केल्या दिवसापासूनचा, मागच्या आठवड्यांसकट. अबोलीताईने भाडं भरलं, पूर्वाला शाळेचे बूट घेतले, आणि दारावरची इंद्रनीलच्या नावाची पाटी स्क्रू काढून उतरवली. स्क्रू ड्रायव्हर माझा होता. मंडळाचीही वार्षिक सभा झाली. वारलेला, आजारी किंवा नोकरी गेलेला याच्यापुढे त्यांनी "किंवा सोडून गेलेला" असं घातलं. रविकांतकाकांनी नवीन शर्ट घालून ठराव मांडला.

काकूंनी सांगलीला बहिणीला फोन लावून स्पीकरवर सांगितलं. "जावई नाहीत आता. नाही गं, जिवंत आहे, नुसता नाही आहे. सरकार देतंय तिला. भीक कसली? पोरगी इतकी वर्षं इथं टॅक्स भरतीय की. आणि मी सही केलीय त्यावर."

त्या रविवारी मी बेल वाजवली. सवयीने आतल्या हाकेची वाट बघत थांबलो. हाक आली नाही. काकूंनीच दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, मग पायांकडे.

मी बूट काढून नेहमीच्या जागी ठेवायला वाकलो.

"अरे, तिथं काय ठेवतोस!" काकूंनी ते माझ्या हातातून ओढून घेतले आणि बाहेर दोन्ही बाजूंना नजर टाकली. "बाप्याचे बूट दारात! कुणी बघितलं तर पोरीचे पैसे बंद करशील."

बूट त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून आतल्या प्रेसमध्ये, मंडळाच्या तांदळाच्या गोणीवर ठेवले. चहा झाला, पोहे झाले. मध्ये पार्सलवाला आला, त्याला त्यांनी लिफ्टजवळूनच बोलायला लावलं. मी अर्धा तास झाल्यावर उठलो तरी काकूंच्या मते मी जरा जास्तच बसलो होतो.

बर्नीबाई ते घर एकदाच तपासून गेल्या. काकू जाईपर्यंत रोज तपासत होत्या.